वातानुकूलनाची परिभाषा आणि वैद्याचा पथ्योपदेश

'एसी वर्ज्य करा' हे वाक्य आज महाराष्ट्रातील आयुर्वेद चिकित्सालयांतून दिवसाकाठी अनेकदा उच्चारले जाते. प्रतिश्याय असो, मन्यास्तंभ असो, संधिगतवात असो वा त्वचेचे रौक्ष्य असो, पथ्यपत्रकाच्या तळाशी दही, केळे आणि शीतपेये यांच्या पंक्तीस एसी जाऊन बसलेला असतो. रुग्ण मान डोलावतो, औषधाची पुडी घेऊन घरी जातो आणि रात्री एसी लावून झोपतो. त्याच्या हट्टाला दोष देण्यापूर्वी सल्ल्याकडे पाहणे उचित ठरेल. दही केव्हा घ्यावे, कोणत्या ऋतूत टाळावे, कशासह घ्यावे, मंथन केल्यावर त्याचे गुण कसे पालटतात, हे आपल्यापैकी कोणीही अर्धा तास सांगू शकेल. परंतु ज्या यंत्राच्या सहवासात आजचा रुग्ण दिवसाचे आठ ते सोळा तास घालवितो, त्याविषयी सांगण्यास आपल्यापाशी एकच शब्द आहे, आणि तो म्हणजे 'वर्ज्य'.

आमचे मत असे की, शीतोष्णनियमनाच्या घरगुती यंत्रांची परिभाषा वैद्याने शिकून घेतली पाहिजे. ती अभियंत्याइतकी येण्याची आवश्यकता नाही. परंतु कोणत्या संज्ञेने हवेचा कोणता गुण बदलतो, एवढे तरी कळावयास हवे. गुण कळल्यावाचून पथ्य सांगणे हे द्रव्यगुण न जाणता औषध देण्यासारखेच आहे.

शब्दाचा उगम

'एअर कंडिशनिंग' हा शब्द कशातून आला, हे जाणणे वैद्यांस उद्बोधक ठरेल. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका मुद्रणालयात दमट हवेमुळे कागद फुगत असे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नेमके बसत नसत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतील ओल काढून घेणारी योजना तेथे उभारली. त्यानंतर १९०६ साली अमेरिकेतीलच स्टुअर्ट क्रेमर या वस्त्रोद्योगातील अभियंत्याने हा शब्द प्रथम वापरला. सूतगिरणीतील धागा तुटू नये म्हणून हवेत ओल मिसळावी लागे, त्या संदर्भात तो होता. म्हणजे एका ठिकाणी ओल काढली जात होती, दुसऱ्या ठिकाणी घातली जात होती, आणि दोहोंचे मूळ प्रयोजन थंडावा हे नव्हते. आरंभापासून हे शास्त्र स्निग्ध-रूक्ष या द्वंद्वाचे आहे. शीत-उष्ण हे त्याचे केवळ दुसरे अंग होय.

मराठीत आपण 'वातानुकूलन' म्हणतो. वात, म्हणजे हवा, अनुकूल करून घेणे असा त्याचा अर्थ. परंतु चरकाचार्यांनी सांगितलेले वायूचे गुण, म्हणजे रूक्ष, शीत, लघु, सूक्ष्म, चल, विशद आणि खर, डोळ्यांपुढे आणले, तर एसीतून येणाऱ्या झोतात रूक्ष, शीत आणि चल हे तीन एकत्र नांदताना दिसतात. यंत्र नीट योजले नाही तर हे अनुकूलन शरीरस्थ वातदोषालाच अनुकूल ठरते. मात्र हे तीन गुण यंत्राच्या तीन निरनिराळ्या भागांतून येतात आणि तिन्ही पृथक् पृथक् कमीजास्त करता येतात. पथ्योपदेशाचा खरा विषय येथून सुरू होतो.

टन आणि बीटीयू

'आमचा एसी दीड टनाचा आहे' असे रुग्ण सांगतो, तेव्हा तो यंत्राचे वजन सांगत नसतो. बर्फाच्या व्यापाराच्या काळातील हे परिमाण आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता त्याच काळात खोलीबाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू किंवा सुमारे ३.५ किलोवॅट. एक पौंड पाण्याचे तापमान एक फॅरनहाइट अंशाने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू. यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते, हे यावरून ध्यानात यावे.

वैद्याला टनाशी काय कर्तव्य, असा प्रश्न येईल. कर्तव्य आहे. लहान खोलीत मोठ्या टनाचे साधे यंत्र बसविले, तर ते पाच-दहा मिनिटांत हवा गार करून थांबते. हवा गार होते, पण ओल काढण्यास यंत्राला जो दीर्घ काळ चालावे लागते, तो मिळत नाही. परिणामी मुंबई, रत्नागिरी वा पणजीसारख्या सागरतीरी खोली शीत आणि दमट राहते. तमकश्वासाच्या कफप्रधान रुग्णास हे वातावरण रूक्ष थंडीपेक्षाही अधिक त्रासदायक. याउलट योग्य टनाचे यंत्र संथपणे दीर्घकाळ चालून ओल काढून टाकते. एकाच गावातील दोन घरांत, एकाच अंशावर लावलेले दोन एसी असे परस्परविरुद्ध गुणांचे असू शकतात. तेव्हा 'एसी' या एका शब्दाने दोन्हींची संभावना करणे शास्त्राला धरून नाही.

सापेक्ष आर्द्रता आणि दवबिंदू

हवेत पाण्याची वाफ किती आहे, याचे मोजमाप 'सापेक्ष आर्द्रते'ने होते. त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धारण करू शकेल, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, असा तिचा अर्थ. उष्ण हवेची धारणशक्ती मोठी असते. ३० अंश सेल्सियसची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम वाफ धारण करते, तर २० अंशांची हवा सुमारे १७ ग्रॅम. ज्या तापमानाला हवेतील वाफ पाणी होऊन साचू लागते, तो 'दवबिंदू'. बाहेर ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २४ अंश येतो. एसीतील थंड नळ्यांचे वेटोळे त्याहून बरेच थंड असते. म्हणून त्यावर पाणी जमते आणि नळीवाटे ठिबकत राहते. ते पाणी खोलीच्या हवेतून, आणि काही अंशी त्या खोलीत श्वास घेणाऱ्या माणसांच्या त्वचा व श्वासमार्गातून आलेले असते. सकाळी घसा कोरडा पडतो, ओठ फुटतात, नाकात खपल्या धरतात, अशी तक्रार करणाऱ्या रुग्णास ते पाणी दाखवावे. रौक्ष्य म्हणजे काय, हे त्याला दुसऱ्या कोणत्याही उदाहरणाने इतके स्पष्ट होणार नाही. अशा रुग्णास नस्य, प्रतिमर्श, अभ्यंग यांची उपयुक्तता सांगणेही मग सोपे जाते.

वऱ्हाड-नागपूरकडील कूलरची रीत याच्या उलट आहे. तेथे ओल्या ताट्यांतून वारा ओढला जातो. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता खर्ची पडते आणि हवा गार व आर्द्र होऊन घरात येते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे उत्तम चालते, आणि ताटी वाळ्याची असेल तर उशीराचा गंधही लाभतो. परंतु मृगाचा पाऊस पडला, बाहेरची हवाच ओली झाली, की तोच कूलर खोलीत नुसता क्लेद भरतो. त्या काळात आमवाताचे रुग्ण सांधे जखडल्याची तक्रार घेऊन आले, तर कूलर अजून चालू आहे काय, हे विचारावे. कूलरच्या टाकीतील पाणी आठवड्यास एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करावी, हेही सांगावे. कारण साचल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

निवात आणि प्रवात

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात, संशोधनासाठी बांधावयाच्या घराचे वर्णन आहे. ते घर झोतापासून सुरक्षित असावे, तरी त्याच्या एका भागात वारा खेळता असावा. धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा उपद्रव तेथे नसावा, असा त्याचा आशय. आधुनिक परिभाषेत या दोन अपेक्षांना दोन स्वतंत्र संज्ञा आहेत. एक 'एअर व्हेलॉसिटी', म्हणजे अंगावर येणाऱ्या हवेचा वेग. आणि दुसरी 'एअर चेंजेस पर अवर', म्हणजे खोलीतील सर्व हवा ताशी किती वेळा बदलून ताजी येते ते प्रमाण. पहिली न्यून आणि दुसरी पुरेशी असावी, हेच निवात आणि प्रवात यांचे एकत्र विधान होय.

आजच्या शयनगृहात नेमके उलट घडते. भिंतीवरील 'स्प्लिट' एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो, असा बहुतेकांचा समज असतो. तो निराधार आहे. नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतील तीच हवा पुनःपुन्हा फिरवितो. बाहेरच्या भागाशी त्याचा संबंध केवळ तांब्याच्या नळ्यांचा असतो. दारे-खिडक्या गच्च बंद करून दोन-तीन माणसे रात्रभर निजली, तर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या सुमारे ४२० भागांवरून दहा लाखांत १,००० भागांच्या सहज पुढे जाते. सकाळचे डोके जड होणे, झोप होऊनही ग्लानी राहणे, यांची कारणे शोधताना हाही मुद्दा वैद्याने ध्यानी घ्यावा. उपाय सोपा आहे: झोपण्यापूर्वी खोलीची हवा पूर्ण पालटावी आणि रात्री एखादी झडप बोटभर उघडी ठेवावी. विजेचे देयक किंचित वाढेल, एवढेच.

झोताचा विषय वेगळा. एसीच्या तोंडाशी असलेल्या आडव्या-उभ्या पट्ट्या झोताची दिशा ठरवितात. 'स्विंग' म्हणजे त्या पट्ट्या सतत हलत राहणे, आणि 'फॅन स्पीड' म्हणजे झोताचा वेग. मन्यास्तंभाच्या ज्या रुग्णाची कार्यालयातील खुर्ची झोताखाली आहे, त्यास 'एसी वर्ज्य' सांगून उपयोग नाही. मध्यवर्ती वातानुकूलन बंद करणे त्याच्या हाती नाही. खुर्ची दोन हात सरकविणे, पट्ट्या छताकडे वळवून घेणे, मानेला सुती वस्त्र गुंडाळणे, हे मात्र त्याच्या हाती आहे. आमच्या अनुभवात असा नेमका सल्ला रुग्ण पाळतात.

हाच निकष आपल्या पंचकर्मकक्षांनाही लावावा. बाष्पस्वेदानंतर रुग्णास ज्या खोलीत विश्रांती दिली जाते, तेथे परिचारकांच्या सोयीसाठी एसी वेगाने चालू असेल, तर स्वेदनाने मोकळी झालेली स्रोतसे त्या झोतास सामोरी जातात. कक्ष थंड ठेवावयाचाच असेल तर रुग्ण येण्यापूर्वी थंड करावा आणि रुग्ण आत असताना झोत बंद ठेवावा.

उष्णसदन

शीतनियमनाप्रमाणेच उष्णतानियमनाचाही विचार व्हावयास हवा. आपल्याकडे त्याचे प्रसंग थोडे. परंतु ज्यांची मुले-मुली इंग्लंड, अमेरिका वा कॅनडात स्थायिक आहेत, अशी कुटुंबे आता गावोगावी आहेत, आणि तेथील रुग्ण दूरध्वनीवरून सल्ला मागतात. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात दहा निरग्नि स्वेदांत उष्णसदनाची गणना आहे. चक्रपाणिदत्तांनी त्याचा उलगडा केला आहे तो असा की, अग्नीच्या संतापावाचून, केवळ निवातपणामुळे आणि भिंतींच्या जाडीमुळे जे घर स्वेद आणते ते उष्णसदन. शीत देशांतील गृहरचनेत ज्यास 'इन्शुलेशन' म्हणतात, ते हेच. तेथे भिंतीची उष्णतारोधक शक्ती 'आर व्हॅल्यू' या अंकाने सांगतात. अंक मोठा तितका रोध अधिक.

त्या घरांत याशिवाय अग्निसंतापाची योजनाही असते. 'फर्नेस' म्हणजे इंधन जाळून हवा तापविणारी भट्टी. ती हवा नळांतून खोल्याखोल्यांत सोडली जाते. 'बॉयलर' पाणी तापवितो आणि ते 'रेडिएटर' नामक लोखंडी पेट्यांतून फिरते; येथे झोत नसतो. 'हीट पंप' हे उलट दिशेने चालविलेले वातानुकूलन यंत्र. ते बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता उचलून आत आणते. पहिल्यात उष्ण, रूक्ष आणि चल. दुसऱ्यात चल नाही. रौक्ष्य मात्र सर्वत्र आहे. बाहेरची १० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा आत घेऊन २५ अंशांपर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्याही खाली येते. म्हणून तेथे 'ह्युमिडिफायर' लावतात. टोरांटोहून एखाद्या मातेने बालकाच्या नाकातून रक्त येते, त्वचा खरखरीत झाली आहे, असे कळविले, तर हिमाळ्यात शीत गुणाचीच चिकित्सा करीत बसू नये. घरातील आर्द्रता किती टक्के आहे, हे प्रथम विचारावे. ते दाखविणारे छोटे उपकरण स्वस्तात मिळते.

रुग्णांचे काही नित्य प्रश्न

'इन्व्हर्टर एसी घेतला, आता वीज गेली तरी चालेल ना?' हा प्रश्न भारनियमन सोसलेल्या महाराष्ट्रात स्वाभाविक आहे. घरातील बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा. एसीच्या नावातील इन्व्हर्टर म्हणजे आतील कॉम्प्रेसरची गती गरजेप्रमाणे कमीअधिक करणारी योजना. साधे यंत्र पूर्ण वेगाने चालते आणि थांबते. इन्व्हर्टर यंत्र मंद गतीने सतत चालू राहते, त्यामुळे खोलीच्या तापमानात चढउतार कमी होतात. निद्रानाशाच्या रुग्णास हा समभाव हितकर.

'तारे' हे आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे. विजेच्या एककामागे यंत्र किती उष्णता बाहेर काढते, या गुणोत्तरावर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो ते देते. २०१८ पासून त्यासाठी भारतीय हवामान गृहीत धरणारे 'आयसीअर' हे वार्षिक गुणोत्तर सक्तीने वापरले जाते.

'एसीचा गॅस छातीत जातो का?' तो गॅस बंद नळ्यांतून फिरतो. खोलीच्या हवेशी त्याची गाठ पडत नाही, आणि गळती नसेल तर तो संपतही नाही. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोनच्या थरास घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार मागे पडत गेला. आता बहुतेक नव्या यंत्रांत आर-३२ असतो.

'एसीत फिल्टर आहे, मग धूळ कशी?' साधी जाळी मोठी धूळ अडविते. 'हेपा' ही संज्ञा मात्र ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडविणाऱ्या गाळणीसच लागू होते. साधी जाळी पंधरवड्यातून एकदा धुतली नाही, तर तीच प्रतिश्यायाचे निदान ठरते.

अंश आणि सात्म्य

१ जानेवारी २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या, तारांकन असलेल्या घरगुती एसीचे आरंभीचे तापमान २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले. एक अंश वाढविला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हा त्यामागील हिशेब. हा विजेचा विचार झाला. वैद्याचा विचार सात्म्याचा आहे. विशेष हे की, आधुनिक शास्त्रही आता तिकडे वळले आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली भारतीय इमारतींसाठी सुखतापमानाचे एक प्रमाण मांडले आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्यास स्थान मिळाले. बाहेरच्या हवामानास सरावलेल्या माणसाला सुखद वाटणारे तापमानही त्या हवामानाबरोबर बदलते, हे त्याचे सार. देशसात्म्य आणि ऋतुसात्म्य यांची ही पुनरुक्तीच होय. बाहेर ४२ अंश असताना आत १८ अंश ठेवून दिवसातून दहा वेळा ये-जा करणे, हे शीतोष्णव्यत्यासाचे ठळक उदाहरण. २६-२७ अंश आणि मंद पंखा ही मध्यम मात्रा.

मात्र येथे एक गंभीर सावधगिरी हवी. चंद्रपूर, अकोला, जळगाव या भागांत उष्णतेच्या लाटेत वृद्ध, गर्भिणी, हृद्रोगी व अर्भके यांना सरसकट 'एसी-कूलर टाळा' असे सांगणे प्राणावर बेतू शकते. हवेचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले की केवळ पंख्याचा उष्ण वारा शरीरास थंड करीत नाही, उलट तापवू शकतो. तस्याशितीय अध्यायात ग्रीष्मात दिवसा शीतगृहात निजण्याचा उपदेश आहेच. वातव्याधीच्या वृद्धेस त्या चार दिवसांत गार खोलीची गरज संधिशूलापेक्षा मोठी आहे. ज्वर, भ्रम, मूर्च्छा दिसताच तिला तात्काळ रुग्णालयात न्यावे, हे घरच्यांस निक्षून सांगावे.

सूचना

आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, रुग्णपत्रकात आहार-विहाराच्या प्रश्नांबरोबर चार प्रश्न घालावेत: झोपण्याच्या व कामाच्या जागी कोणते यंत्र आहे, ते किती अंशांवर चालते, झोत अंगावर येतो काय, आणि ताजी हवा येण्यास वाट आहे काय. दुसरी, संघटनेच्या शाखांनी आपल्या मासिक सभांपैकी एक सभा या विषयास द्यावी आणि स्थानिक वातानुकूलन तंत्रज्ञास प्रत्यक्ष यंत्र उघडून दाखविण्यास पाचारण करावे. तिसरी, 'एसी वर्ज्य' हे छापील वाक्य पथ्यपत्रकातून काढून तेथे कोरी ओळ ठेवावी. वैद्याने प्रत्येक रुग्णासाठी अंश, झोत, आर्द्रता आणि कालमर्यादा स्वहस्ते लिहावी.

वृद्ध वैद्य नाडी पाहता पाहता रुग्णाच्या घराची दिशा, विहिरीचे पाणी, चुलीचा धूर यांची चौकशी करीत असत. चुलीच्या जागी आता गॅस आला आणि खिडकीच्या जागी एसी. चौकशीची ती परंपरा खंडित होऊ नये, तिच्यातील शब्द तेवढे आजचे असावेत, एवढीच वैद्यबंधू-भगिनींपाशी आमची विनंती.